मांजराच्या पिल्लांचा तात्पुरता सांभाळ : सोलापुरातील एका घराच्या नोंदी (मार्च ते जुलै २०२४)

८ मार्च २०२४

आज महाशिवरात्रीची सुट्टी होती. पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यात साफसफाई चालली होती आणि सुताच्या गोण्या हलवताना त्यांच्यामागे चार पिल्ले निघाली. तिथे काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला फोन केला, "बाई, मांजरी व्याली आहे, पण दुपारपासून ती दिसत नाही. पिल्लं नेता का?" प्राण्यांसाठी काम करणाऱ्या आमच्या छोट्या गटात नाव नोंदवून मला तीन आठवडे झाले होते आणि घराच्या मागील बाजूची पत्र्याची खोली मी त्यासाठी रिकामी करून ठेवली होती. मी तासाभरात पोहोचले आणि पिल्ले खोक्यात घालून घरी आणली.

ही पहिली चूक. माणसांची गडबड सुरू असताना मांजरी दूर थांबते आणि सगळे शांत झाले की परत येते. त्यामुळे पिल्ले सुरक्षित जागी, उबेत आणि कोरडी असतील तर चार ते आठ तास दुरून लक्ष ठेवावे, मगच हात लावावा. मी वीस मिनिटेही थांबले नाही.

डोळे नुकतेच उघडले आहेत, म्हणजे पिल्ले साधारण दहा दिवसांची असावीत. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर वजने घेतली. दोन पिवळसर पट्ट्यांची पिल्ले २१८ आणि २२६ ग्रॅमची, काळे २०४ ग्रॅमचे आणि काळे-पांढरे सर्वांत लहान, १५२ ग्रॅमचे. माझ्या आईने त्यांची नावे ठेवली : शेंगा, चटणी, काजळ आणि कांडी.

९ मार्च

रात्री घरातील गाईचे दूध पाणी घालून पाजले होते. पहाटे चौघींनाही पातळ जुलाब सुरू झाले. गाईच्या दुधातील साखर एवढ्या लहान पिल्लांना पचत नाही, हे मी वाचले होते. तरी एका रात्रीने काय होणार, असे वाटले. दहा दिवसांच्या पिल्लाच्या अंगातील पाणी एका रात्रीतही धोकादायक इतके कमी होऊ शकते. सकाळी डॉक्टरांकडे नेल्यावर त्यांनी कांडीच्या हिरड्या दाखवल्या. त्या गुलाबी हव्यात, तिच्या जवळजवळ पांढऱ्या होत्या. कारण पिसवा. एवढ्याशा अंगातील रक्त शोषायला काही डझन पिसवाही पुरतात. दुकानात मला कुत्र्यांसाठीची पिसवांची पावडर देऊ केली होती. त्या प्रकारच्या अनेक औषधांत असलेले परमेथ्रिन मांजरासाठी विषारी असते, म्हणून डॉक्टरांनी ती वापरू दिली नाही. कोमट पाणी, अगदी सौम्य साबण, बारीक दातांची फणी आणि धुतल्यावर लगेच कोरडे करून ऊब देणे, एवढाच उपचार. चार पिल्लांना दोन तास लागले.

मांजराच्या पिल्लांची दूधभुकटी शहरात दोन दुकानांत विचारूनही मिळाली नाही. पुण्यातील मैत्रिणीने रात्रीच्या गाडीने डबा पाठवला. डबा ₹१,१५०. पिल्ले घरात येण्याआधी हा डबा घरात असायला हवा होता.

१० मार्च

कारखान्यातून पुन्हा फोन आला. मांजरी परत आली असून गोण्यांभोवती ओरडत फिरते आहे. संध्याकाळी आम्ही खोके नेऊन त्याच कोपऱ्यात ठेवले आणि दाराशी उभे राहिलो. ती पत्र्यावरून दोन वेळा खाली उतरली, आमच्याकडे पाहिले आणि परत गेली. दोन तासांनी पिल्ले गार पडू लागली, म्हणून आम्ही ती घेऊन आलो. आम्ही दाराबाहेर, रस्त्यापलीकडे जाऊन थांबायला हवे होते. खोक्यात गरम पाण्याची बाटली ठेवली असती तर रात्रभरही वाट पाहता आली असती. या नोंदवहीत ज्या गोष्टींची मला सर्वांत जास्त हळहळ वाटते, त्यातील ही एक.

१२ मार्च

दर तीन तासांनी दूध. सकाळची शाळा असल्याने मी सव्वासहाला निघते, म्हणून सकाळच्या दोन पाळ्या आई करते आणि रात्रीच्या सर्व पाळ्या माझ्याकडे आहेत. २०० ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी जास्तीत जास्त आठ मिली, दिवसभरात पन्नास मिलीच्या आसपास.

बाटलीच्या बुचाला छिद्र पाडलेले नसते, ते आपण पाडायचे असते, हे मला माहीत नव्हते. तापवलेल्या सुईने पाडले तर ते फार मोठे झाले. कांडीच्या नाकातून दूध आले आणि ती खोकली. दूध फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. दुसऱ्या बुचाला बारीक छिद्र पाडले. बाटली उलटी धरल्यावर थेंब हळूहळू पडावा, धार लागू नये. पिल्लू माणसाच्या बाळासारखे उताणे धरू नये. पोटावर, मान किंचित वर असे धरावे. अंग गार असलेल्या पिल्लाला दूध कधीही पाजू नये, कारण त्याला ते पचत नाही. आधी ऊब द्यावी, मग दूध.

दूध पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने खालचा भाग हलके चोळावा लागतो. हे काम मांजरी जिभेने करते; त्याशिवाय एवढ्या लहान पिल्लांना लघवीही होत नाही.

१५ मार्च

शेंगा आणि चटणी यांच्यातील फरक मला कळत नव्हता, म्हणून गळ्यात रंगीत सूत बांधले होते. आज पहाटे चटणीचा पुढचा पाय त्या सुतात अडकून सुजलेला दिसला. तासभर उशीर झाला असता तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही. मांजराने सूत गिळले तर आतडी कापली जाण्याचाही धोका असतो. सगळे सूत काढून टाकले. आता चटणीच्या मागच्या पायाच्या एका नखावर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, तेवढे पुरते.

अंथरुणाचेही तेच. सोलापुरात दुय्यम प्रतीचे टर्किश टॉवेल किलोने मिळतात, म्हणून मी दोन किलो आणले. परंतु त्या टॉवेलाच्या धाग्यांच्या वेटोळ्यांत पिल्लांची नखे अडकतात. काजळ पंजा ओढून ओढून रडत होती. आईची दोन जुनी सुती लुगडी फाडून घड्या केल्या. खाली जुनी चादर, वर लुगड्याचा तुकडा आणि एका बाजूलाच गरम पाण्याची बाटली, म्हणजे नको असेल तेव्हा पिल्लांना दूर सरकता येते.

२६ मार्च

चार आठवडे. वजने अनुक्रमे ४०५, ४३०, ३९० आणि ३१०. रोज सकाळी, त्याच वेळी, दूध पाजण्यापूर्वी वजन घेते आणि वहीत लिहिते. रोज दहा ते पंधरा ग्रॅमची वाढ अपेक्षित असते. दोन आठवड्यांच्या अंतराने जंताचे औषध सुरू आहे, वजनानुसार मात्रा डॉक्टरांनी ठरवली.

मऊ खाणे सुरू केले. मातीच्या पसरट ताटलीत उकडलेल्या कोंबडीचा बारीक लगदा (मीठ, हळद, कांदा काहीही नाही) आणि पिल्लांचे विकतचे ओले खाणे, भुकटीच्या दुधात कालवून. पहिल्या दिवशी चौघी त्यात पाय देऊन उभ्या राहिल्या. कांडीने मात्र बाकीच्यांच्या पायांवरचे चाटून पोट भरले.

शौचासाठी आधी शेजारच्या बांधकामावरची वाळू ठेवली. ती चाळूनही त्यातील कच पंजांत रुतत होती. पाणी लागले की गोळा होणारी विकतची वाळू एवढ्या लहान वयात नको, कारण पिल्ले ती खातात आणि तिचा पोटात गोळा होतो. शेवटी लाकडाच्या वखारीतील जाड भुसा, धूळ चाळून, उथळ ट्रेमध्ये घातला. तो जमला.

२ एप्रिल

पत्र्याच्या खोलीत दुपारी तीन वाजता ४१ अंश. मार्चमध्ये गरम पाण्याच्या बाटल्या भरत होते आणि आता उलटी अडचण. कूलर लावावा तर पाणी नाही. आमच्या भागात नळाला पाचव्या दिवशी पाणी येते आणि यंदा शहराला पाणी पुरवणारे उजनी धरण उणे पातळीत (वापरायचा साठा संपलेला) आहे. पिल्ले घराच्या मधल्या खोलीत, शहाबादी फरशीवर आणली. ती फरशी गार असते आणि चौघी दुपारभर तिच्यावर पोट टेकून लांबलचक पडलेल्या असतात. आईने फिनाईलने फरशी पुसणे बंद केले आहे. फिनाईलमधील द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट बाहेर टाकता येत नाहीत.

४ एप्रिल

गटातून फोन आला, "ताई, एकच पिल्लू आहे, दोन दिवसांसाठी ठेवाल का? दुसरीकडे कुठेच जागा नाही." साधारण सात आठवड्यांचे, करड्या रंगाचे, खेळकर पिल्लू. पत्र्याची खोली तापलेली होती आणि पाडव्यासाठी पाहुणे येणार म्हणून पुढची खोली मोकळी ठेवायची होती. मी त्याला मधल्या खोलीतच वेगळ्या पिंजऱ्यात ठेवले.

नव्या पिल्लाला चौदा दिवस वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, वेगळे कपडे आणि सर्वांत शेवटी हाताळणे, हा नियम मला पाठ होता. भांडी वेगळी ठेवली. हात मात्र तेच होते आणि अंगावरचा एप्रनही तोच होता.

८ एप्रिल

पाचव्या, करड्या पिल्लाने सकाळी खाल्ले नाही. दुपारी पिवळसर फेसाची उलटी. संध्याकाळी ते पाण्याच्या वाटीवर मान घालून बसले होते, नाक जवळजवळ पाण्याला टेकलेले, पण पीत नव्हते. कुणाचे पिल्लू असे बसलेले दिसले तर सकाळची वाट पाहू नका. डॉक्टरांनी विष्ठेची तपासणी कुत्र्यांच्या पार्व्होसाठी असलेल्या पट्टीवर केली. मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया हा जीवघेणा आजार त्याच कुळातील विषाणूमुळे होतो आणि बहुतेक वेळा त्या पट्टीवर दिसतो. आजार असल्याचे सांगणारी दुसरी रेघ उमटायला मिनिटभरही लागले नाही.

९ एप्रिल

गुढी उभारली नाही. पाचवे पहाटे साडेचारला गेले. त्याला नाव दिले नव्हते.

१० एप्रिल

डॉक्टरांच्या सांगण्यावरून ज्या पिल्लांना ताप नाही त्यांना लगेच लस दिली : शेंगा, काजळ आणि चटणी. कांडीचे अंग किंचित गरम लागले म्हणून तिला थांबवले. लस काम करू लागायला काही दिवस लागतात आणि संपर्क आधीच झालेला असतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितले.

११ एप्रिल

चटणी काल ६५५ ग्रॅम होती, आज ६३२. मी वहीत आकडा लिहिला, ती लुगड्याच्या काठाशी खेळते आहे हे पाहिले आणि काटा नीट ठेवला नसेल असे म्हणून कामाला लागले. काटा नीट होता. खेळणारे, खाणारे पिल्लू तेवीस ग्रॅमने घटले होते आणि ती बातमी वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेली होती. त्याच सकाळी डॉक्टरांकडे नेले असते तर सलाइन चोवीस तास आधी सुरू झाले असते. तेवढ्याने ती वाचली असती असे डॉक्टर म्हणाले नाहीत. वाचली नसती असेही म्हणाले नाहीत.

१४ एप्रिल

चटणी सर्वांत वजनदार होती. आज दुपारी दोन वाजता गेली. मला वाटत होते की धोका कांडीला आहे.

पार्थिव दुहेरी पिशवीत बांधून नातेवाइकांच्या शेताच्या कडेला खोल खड्ड्यात, चुना घालून पुरले. ज्या अंगणात पुढे मांजरे वावरणार आहेत तिथे पुरू नये, असे डॉक्टरांनी बजावले होते.

१८ एप्रिल

कांडीचा पाचवा दिवस. सलाइन कातडीखालून दिवसातून दोनदा, उलटीवर इंजेक्शन, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविक. विषाणूला मारणारे औषध नाही; शरीर लढेपर्यंत त्याला पाणी आणि ऊब पुरवत राहणे, एवढेच आपल्या हाती असते. आज सकाळी सहा वाजता तिने माझ्या बोटावरचे कोंबडीचे पाणी चाटले. एकदा. मग मान फिरवली. मग पुन्हा चाटले. आईला हाक मारायला मला आवाजच फुटेना.

शेंगा आणि काजळ यांना अजून काहीही झालेले नाही.

२१ एप्रिल

सफाई. हा विषाणू घरात वर्षभरापर्यंत टिकू शकतो आणि साबण, डेटॉल किंवा स्पिरिटने मरत नाही. सोडियम हायपोक्लोराईटचे विकतचे द्रावण, एक लिटर पाण्यात सुमारे तीस ते चाळीस मिली, रोज ताजे केलेले. आधी साबणाने घाण काढायची, मग हे द्रावण दहा मिनिटे ओले राहील असे लावायचे, मग धुऊन वाळवायचे, आणि तोवर पिल्ले दुसरीकडे ठेवायची. त्यात फिनाईल किंवा आम्ल मिसळायचे नाही.

वाचायला हे सोपे आहे. पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या घरात एक खोली तीनदा धुवायची म्हणजे काय, हे पहिल्या दिवशीच कळले. दोन पिंपे दुपारपर्यंत संपली आणि टँकरचे पाणी शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यावे लागले. म्हणून मी धुणे सोडून वस्तू टाकून देण्याकडे वळले. लुगड्यांचे तुकडे, खोकी, लाकडी ट्रे, एप्रन सगळे जाळले. किलोने आणलेले टॉवेल, जे अंथरायला निरुपयोगी ठरले होते, ते पुसायला कामी आले : एकदा वापरला की पिशवीत. पिंजरा आणि स्टीलची भांडी तेवढी ठेवली.

अडचण शहाबादी फरशीची होती. दगड धुतला जातो, पण दोन फरश्यांमधील फटी मातीच्या झाल्या आहेत आणि त्यांत द्रावण मुरते. विषाणू मरतो की नाही हे कळायला मार्ग नाही. फटी कोरून द्रावण ओतले, वाळू दिले आणि पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या. गवंडीकामाला दोन दिवस गेले. यापुढे पिल्लांसाठी खोली निवडताना मी आधी जमिनीच्या फटी पाहीन.

६ आणि ७ मे

निवडणुकीची ड्युटी. ६ तारखेला सकाळी साहित्य घ्यायला जायचे आणि ७ ला मतदान संपवून यंत्रे जमा करेपर्यंत मध्यरात्र उलटते, म्हणजे चाळीस तास मी घरी नाही. आईचे गुडघे दुखत असल्याने शेजारच्या मावशींना विचारले. त्या घरी विड्या वळतात. पिल्ले त्यांच्या घरी नेली नाहीत, कारण तंबाखू मांजरासाठी विष आहे. त्याऐवजी त्या आमच्याकडे आल्या आणि दर वेळी कोपरापर्यंत हात धुऊनच खोलीत गेल्या. मावशींची भाषा तेलुगू. त्यांच्याकडे मांजरालाच 'पिल्लि' म्हणतात, त्यामुळे आमची पिल्ले मोठी झाली तरी त्यांच्यासाठी पिल्लिच राहणार आहेत. मी आले तेव्हा वहीत दोन्ही सकाळची वजने त्यांच्या अक्षरात नीट लिहिलेली होती.

१९ मे

दत्तक घेण्यासाठी सहा जणांनी विचारले. आजारातून उठलेले मांजर सुमारे सहा आठवड्यांपर्यंत विष्ठेतून विषाणू टाकू शकते, म्हणून जूनपर्यंत कुणालाही द्यायचे नाही असे ठरवले. दोघे थांबायला तयार नव्हते. एकाला मुलीच्या वाढदिवसाला अचानक भेट द्यायची होती. घरातील इतरांना माहीतच नव्हते, म्हणून नकार दिला. घरी जाऊन पाहण्याचा आग्रह धरावा. एका घरी तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी पूर्ण उघडी होती, त्यांनी आठ दिवसांत जाळी बसवली आणि फोटो पाठवला.

१६ जून

शेंगा आणि काजळ एकाच घरी, विजापूर रोडला गेल्या. लसीचे पुढचे डोस आणि रेबीजची लस झाली आहे. नसबंदीच्या शस्त्रक्रियेसाठी पाच-सहा महिन्यांचे वय होताच माझ्याकडे आणायचे, हे लेखी घेतले. कांडी जाळी बसवणाऱ्या घरी जाईल. तिचे वजन १,२४० ग्रॅम.

खर्च एकदा मांडते, कारण सुरुवातीला मला कुणी सांगितला नव्हता. दूधभुकटीचे दोन डबे ₹२,३००, तपासण्या आणि जंताचे औषध ₹१,४००, एप्रिलमधील उपचार ₹६,८००, लसी ₹५,४००, खाणे ₹४,२००, सफाई, सिमेंट आणि किरकोळ ₹१,१००. एकूण ₹२१,२००, त्यापैकी ₹९,००० गटाने दिले. टँकरचे पाणी यात धरलेले नाही.

२३ जून

गटाकडून तीन नवी पिल्ले ठेवण्याबद्दल विचारणा. नाही म्हटले. पुढच्या एप्रिलपर्यंत लस पूर्ण न झालेले एकही पिल्लू या घरात येणार नाही. आवाज जड झाला, पण नाही म्हटले.

५ जुलै

कारखान्यातील ती मांजरी अजून तिथेच आहे. पिल्ले दुरावल्यावर मांजरी काही आठवड्यांतच पुन्हा माजावर येऊ शकते, त्यामुळे ती एव्हाना गाभण असेल अशी मला धास्ती होती. तीन संध्याकाळी पिंजरा लावला. पहिल्या दोन दिवशी दूधभात ठेवला, तिने पाहिलेही नाही. तिसऱ्या दिवशी सुकट ठेवली आणि पंधरा मिनिटांत दार पडले. या वेळी आम्ही रस्त्यापलीकडे थांबलो होतो.

१० जुलै

मांजरी गाभण नव्हती. ७ तारखेला शस्त्रक्रिया झाली, रेबीजची आणि इतर लसही दिली. नसबंदी झाल्याची ओळख म्हणून डाव्या कानाचे टोक कापले आहे. तिला घरातील खोल्यांत न आणता पुढच्या बंद पडवीत, चादरीने झाकलेल्या पिंजऱ्यात तीन दिवस ठेवले. ती माझ्यावर फिसकारत राहिली, पण खाल्ले सगळे. आज संध्याकाळी कारखान्यात नेऊन पिंजऱ्याचे दार उघडले. माग चालू होते. ती भिंतीच्या कडेने सुताच्या गोण्यांपर्यंत गेली, ज्या कोपऱ्यातून मी मार्चमध्ये पिल्ले उचलली होती तो वास घेत घेत दोनदा फिरली, आणि मग वरच्या गोणीवर चढून बसली.